जपानच्या कुत्रीचं बारसं

बोईसरला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी भाडं, पाणी, वीज यांतलं काही सांगायच्या आधी मला विचारलं, "तुझी आई तुला हाक कशी मारते?"

मी माझं नाव सांगितलं.

"ते आधारकार्डावरचं झालं. आई कशी मारते?"

मी एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात नुकतीच केमिस्ट म्हणून लागले होते. सोलापूरकडची, बी.एस्सी. पहिल्या वर्गात, आणि आपलं घरातलं नाव एका अनोळखी बाईला सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती. पण खोलीला दोन खिडक्या होत्या आणि नळाला दिवसभर पाणी होतं. सांगितलं. बाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा तर थेट माझ्या आईच्या सुरात, आणि एका वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मला काकू म्हणायचं नाही, कारण काका नाहीत आणि कधी नव्हते. मावशी म्हणायला मी तुझ्या आईची बहीण नाही. आत्या म्हण. डिपॉझिट दोन महिन्यांचं."

तीन वर्षं मी आत्यांच्या वरच्या खोलीत राहिले. आता दुसऱ्या शहरात आहे, खोलीही मोठी आहे, पण तिथे मला कोणी जेवायला बोलावत नाही. आत्या बोलवायच्या. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून, घसा साफ करून, एका लयीत: "लक्ष द्या. लक्ष द्या. वरच्या खोलीतील केमिस्ट, जिथे असाल तिथून स्वयंपाकघराशी संपर्क साधा. पोहे तयार आहेत. धन्यवाद." हे सगळं मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर, त्यांच्या डोळ्यांसमोर उभी असले तरी पूर्ण व्हायचंच.

त्यांचा दोष नव्हता. सगळी नोकरी त्यांनी एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. प्लांटमध्ये मोबाइल न्यायला बंदी, त्यामुळे माणूस हवा असला की बोर्डावरच्या बाईने लाउडस्पीकरवरून त्याच्या नावाचा पुकारा करायचा. कॉम्प्रेसर धडधडतोय, पंप घोंघावतोय, आणि त्या सगळ्या गोंगाटावरून नाव नेमकं त्या माणसाच्या कानात पडलं पाहिजे. निवृत्त झाल्यावरही घरातला फोन वाजला की आत्या "हॅलो" म्हणत नसत. "बोर्ड," म्हणत. पलीकडचा माणूस राँग नंबर समजून फोन ठेवून द्यायचा आणि आत्या म्हणायच्या, "काम नव्हतं वाटतं."

नावांबद्दल त्यांचं एक शास्त्र होतं. त्यांच्या मते नाव म्हणजे हाक. समोरून ओ आली तर ते नाव, नाहीतर नुसती अक्षरं. नावाच्या शेवटी आ, ई, ऊ असं काहीतरी उघडं हवं, म्हणजे ते लांबवर जातं. पराग, सुहास, गिरीश या लोकांवर त्यांचा फार राग. "एका परागला मी अर्धा तास बोलवत होते. शेवटी कंटाळून त्याच्या साहेबाला बोलावलं. साहेब पाटील होता, तोही आला नाही." पण त्यांनी कोणाचं नाव कधी कापलं मात्र नाही. बोईसरला माणूस कुठून कुठून येतो. ओडिशातून, बिहारमधून, केरळातून, बीड-लातूरकडून. इथला सुपरवायझर पहिल्याच दिवशी त्याच्या नावाचे दोन तुकडे करून एक फेकून देतो. आत्यांना ते नाक कापल्यासारखं वाटायचं. म्हणून नवा माणूस लागला की त्या त्याला बोर्डावर बोलावून तोच प्रश्न विचारायच्या, आई कशी हाक मारते, आणि वहीत लिहायच्या.

त्या वहीची कथा कारखान्यात प्रसिद्ध होती. एकदा आगीची मॉक ड्रिल झाली. भोंगा वाजला, सगळे मोकळ्या जागेत रांगा लावून उभे राहिले, डोकी मोजली, तर एक कमी. एक ओडिया हेल्पर. भोंगा तीनदा वाजवून झाला, सेफ्टी ऑफिसर घामाघूम. आत्यांनी वही उघडली आणि लाउडस्पीकरवरून त्याचं घरातलं नाव घेतलं, त्याच्या आईच्या चालीत, शेवटचं अक्षर ओढून. रिकाम्या पोत्यांच्या ढिगामागून गडी डोळे चोळत, आपल्या भाषेत 'आलो, आई' असं ओरडत बाहेर आला. दोनशे माणसं हसली, पण सेफ्टी ऑफिसरने आत्यांना चहा पाजला.

इतकी परक्यांची नावं अशी जीव लावून घेणाऱ्या या बाईने एका माणसाचं नाव मात्र दहा वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. तिच्या सख्ख्या भाचीचं.

आत्यांचा धाकटा भाऊ इंजिनियर. नोकरीसाठी जपानला गेला तो तिकडचाच झाला. बायको जपानी केली. आत्यांना त्याचं काही वाटलं नाही. उलट ही वहिनी त्यांची लाडकी, कारण भाऊ दरवर्षी सुके बोंबील घेऊन जायचा आणि ती ते मनापासून खायची. "आमच्या अख्ख्या घराण्यात बोंबलाची कदर असलेली एकच बाई निघाली, ती जपानात," असं त्या गल्लीत अभिमानाने सांगत. मग मुलगी झाली. आत्या बारशाचं आमंत्रण येईल, निदान फोन येईल म्हणून वाट बघत बसल्या आणि आला तो फोटो. फोटोखाली मुलीचं नाव छापलेलं. दोघा नवराबायकोने आपसांत ठरवून टाकलेलं.

"नाव ठेवायचा मान आत्याचा," त्या मला सांगायच्या, विशेषतः भाजी निवडताना. "मी एकुलती एक आत्या. माझ्याऐवजी दुसरी नेमली असती तर मी समजून घेतलं असतं. पण आत्याला विचारलंच नाही? मला राग त्या नावाचा नाही, पण मला न विचारता आलेलं नाव मी तोंडात घेणार नाही."

रागाने त्यांनी बोलणं टाकलं असंही नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. मुलीवर जीव ओवाळून टाकायच्या. पण हाक 'राणी'. काय गं राणी, जेवलीस का राणी, दात पडला का राणी. माझ्याशी बोलताना 'आमची जपानी'. भावाला ते लाडाचं वाटायचं, मला हट्टाचं. मुलीला काय वाटत होतं ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तिचं नाव मला ठाऊक होतं, भावाच्या तोंडून ऐकलेलं, पण त्या घरात मीही ते घेत नसे. उगाच पोह्यांवर परिणाम नको.

आणि एका रविवारी त्या मुलीचाच फोन आला. ती मराठी बोलायची ते एकेक शब्द तपासून, पेपर सोडवल्यासारखं. "आत्या, आमच्या घरी कुत्री आली आहे. लहान आहे. लाल आहे. बाबा म्हणाले, भारतात नाव आत्या ठेवते. तर तू ठेव. दोन आठवड्यांनी नगरपालिकेत कुत्रीचं नाव लिहायचं आहे. आणि जपानच्या आजीला पण हाक मारता आली पाहिजे."

फोन ठेवल्यावर आत्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या, "दहा वर्षांनी मान आला बघ. कुत्रीचा का होईना, पण आला. आणि दिला कोणी, त्या पोरीने." मग डोळे पुसून लगेच कडक आवाजात म्हणाल्या, "हे नाव चुकलं तर पुन्हा मला कोणी काही विचारणार नाही. शेवटची संधी आहे ही. कॅलेंडरचं मागचं पान फाड."

पानावर अटी लिहिल्या. जपानी माणसाला 'ल' म्हणता येत नाही, असं भावाने सांगितलं, म्हणून ल गेला. ळ आणि ण तर त्याच्याही आधी गेले. ख, घ, भ, ध असली जड अक्षरं बाद. जोडाक्षर बाद. शेवट उघडा हवा. हे सगळं लिहून झाल्यावर आत्यांनी पेन खाली ठेवलं. "एवढं सगळं काढल्यावर मराठीत उरतं काय?"

"आमी तरी ख न् भ कुटं बोलतव, आते?" दारात टोपली उतरवत जानकी म्हणाली. जानकी आमची मासळीवाली, माहेर दातिवऱ्याचं, सासर तारापूरजवळ. "आमाला पन जड अक्शरा नाय जमत. म्हंजे तुजी वयनी आमच्यातलीच हाय." जानकीला हा शोध इतका आवडला की त्या दिवशी तिने दोन बांगडे जास्त टाकले.

पण जपानी वहिनीला 'हे नाव कसं वाटतं' विचारून काही उपयोग होत नव्हता. ती प्रत्येक नावाला हसून, मान लववून, छान म्हणायची. पाच नावं छान झाल्यावर भावाने खाजगीत फोन केला. "ताई, ती नाही म्हणत नसते. आमच्याकडे माणूस 'जरा...' असं म्हणून थांबला की समजायचं, गेलं." आत्यांनी मागची पाचही नावं पुन्हा आठवून पाहिली. पाचही वेळा छानच्या आधी 'जरा...' आलं होतं, त्यांचं लक्ष नव्हतं. "म्हणजे आपल्याकडच्या 'बघू'सारखं," त्या म्हणाल्या, आणि वहिनीबद्दलचा त्यांचा आदर वाढला. मग वहिनीने स्वतः एक नाव सुचवलं, मोरी. त्यांच्याकडे मोरी म्हणजे जंगल. आमच्याकडे मोरी म्हणजे भांडी घासायची जागा, आणि जानकीच्या टोपलीत मोरी म्हणजे मासा. आता 'जरा...' म्हणायची पाळी आत्यांची होती. आत्या 'जरा' कधीच म्हणत नाहीत. "मोरीत कुत्री? छे!" म्हणाल्या, आणि भावाने तिकडे त्याचं काय भाषांतर केलं देव जाणे.

मी टॉमी-ज्यूली छापाचं काहीतरी सुचवून पाहिलं आणि फटकारा खाल्ला. "इंग्रज गेले आणि जाताना सगळी कुत्री इथे ठेवून गेले की काय? बाळाला संस्कृत नाव, कुत्र्याला इंग्रजी. मधल्या मधे मराठी कोणाच्या वाट्याला?" खालच्या खोलीत राहणारा वेल्डर रामसूरत त्यावर म्हणाला, "आत्याजी, हमारे गाँव में तो कुत्ते का नाम ही नहीं रखते. बस तू-तू बोलो, आ जाता है." आत्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो वेल्डिंगचा चष्मा लावल्यासारखा डोळे मिटून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी आत्या गच्चीवर चढल्या. नाव लांबवर जातं का ते पाहायला. 'मीना' सगळ्या अटींत बसत होतं. आत्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि पुकारा केला. आत्यांच्या पुकाऱ्यात एक गोष्ट असायची. तो ऐकला की माणसाला वाटायचं, घरी काहीतरी झालंय. पाच मिनिटांत आमच्या फाटकात तीन मीना उभ्या. एक रामसूरतची बायको, हात कणकेने भरलेले. एक समोरच्या इमारतीतली, लातूरकडची सून, गॅसवर भात तसाच टाकून आलेली. एक कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली मल्याळी नर्स, चप्पल उलटी घालून. तिघींनी एकदम विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," आत्या वरून म्हणाल्या. "कुत्रीसाठी बघत होते."

पहिली हसली. नर्सला अर्धंच कळलं, तीही हसली. लातूरच्या मीनाचा भात करपला होता. ती पुढे महिनाभर आत्यांशी बोलली नाही, आणि तिची काही चूक होती असं मला वाटत नाही.

गल्लीत प्रयोग करणं धोक्याचं ठरलं तेव्हा आत्यांनी जाहीर केलं की जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी जायचं. रविवारी सकाळी आम्ही तिघी, आत्या, मी आणि माहेरी निघालेली जानकी, सफाळ्याला उतरून रिक्षाने एडवणच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे मला कामाला लावलं. मी कुत्री. वाळूतून चालत इतकं लांब जायचं की आत्या करंगळीएवढ्या दिसतील. मग त्या हाक मारणार. ऐकू आलं तर एक हात वर, स्वच्छ ऐकू आलं तर दोन, काहीच नाही तर खाली बसायचं. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच चाचण्या केल्या आहेत, पण चाचणीचा नमुना होण्याची ती पहिलीच वेळ. लाटांचा आवाज, वारा उलटा, आणि मी वाळूत उठाबशा काढतेय. क्रिकेट खेळणारी चार पोरं खेळ थांबवून बघत राहिली. त्यांतला एक जवळ येऊन म्हणाला, "ताई, बरा नाय वाटत काय?"

मी म्हटलं, "आत्या हाक मारतायत."

"मंग जा की."

"जायचं नाहीये. नुसतं ऐकायचंय."

त्याने परत जाऊन इतरांना काहीतरी सांगितलं आणि ते खेळ थोडा दूर घेऊन गेले.

जुई वाऱ्यात विरलं. बोरीला मी बसले. कोरांटीला एक हात. आणि मग 'सुरंगी' आलं. लाटेच्या डोक्यावरून, मधला 'रं' घुमत, शेवटचा 'गी' लांब खेचलेला. मी दोन्ही हात वर केले आणि नकळत आत्यांच्या दिशेने चालायला लागले. किनाऱ्यावरची एक खरोखरची कुत्रीही कान टवकारून उठली. जानकी म्हणाली, "ह्योच. बेस नाव हाय. सुरंगीचा गजरा आना कुत्रीला." आत्यांचा चेहरा असा उजळला होता की मी उठाबशांचं दुखणं विसरले. संध्याकाळी फोन झाला. वहिनीने नाव तीनदा म्हटलं, एकदाही 'जरा' न म्हणता. जपानची आजीही म्हणाली, आणि स्वच्छ म्हणाली. मुलगी तेव्हा झोपली होती. आत्यांनी भावाला बजावलं, "तिला सांगायचं नाही. नाव आधी कानात पडायला हवं. बारसं होईल, रीतसर."

ठरलेल्या रविवारी दुपारी आमच्या बैठकीच्या खोलीत बारसं मांडलं. आत्या ठेवणीतली नारायणपेठ नेसल्या होत्या. पाळणा नव्हता, म्हणून जानकीने नवी कोरी टोपली आणली, मासळी न लागलेली. "वास घे पायजे तं," असं तिने प्रत्येकाला सांगितलं आणि आम्ही प्रत्येकाने घेतला. टोपलीत शाल, शालीवर नारळ, नारळाला टेकवून फोन. घुगऱ्या शिजल्या होत्या. दोन मीना आल्या होत्या. रामसूरत दाराशी उभा होता, अंघोळ करून. मल्याळी नर्सला रीत माहीत नव्हती, म्हणून जानकीने समजावलं, आत्या कानात नाव सांगते आणि ते सांगत असताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. नर्सने विचारलं, का? जानकी म्हणाली, "तसाच असता."

पडद्यावर जपान उघडलं. मध्ये मुलगी, तिच्या मांडीवर लालसर, कुरळ्या शेपटीचं पिल्लू. मागे भाऊ, वहिनी आणि आजी, तिघंही ताठ बसलेले, फोटोला बसतात तसे. मुलीने फोन पिल्लाच्या कानाशी नेला. आम्हाला एक केसाळ कान दिसला. आत्या टोपलीवर वाकल्या. कानात सांगायचं म्हणजे हळू, हे त्यांना मी सकाळपासून तीनदा सांगितलं होतं. पण सवय ती सवय.

"लक्ष द्या," आत्या कडाडल्या. "सुरंगीऽऽ!"

जानकीने दणकन धपाटा घातला. जपानात काहीतरी पडलं. पडदा गरगरला आणि स्थिर झाला तेव्हा मांडीवर पिल्लू नव्हतं. ते टेबलाखाली गेलं होतं. आत्यांनी आवाज कमी करून पुन्हा हाक मारली. मग आणखी कमी करून. टेबलाखालून एक डोळा चमकला, एवढंच. वहिनी मान लववून लववून माफी मागत होती. आत्यांच्या कपाळावर घाम आला होता. खोलीत कोणी हसत नव्हतं. मला इतकं वाईट वाटत होतं की मी स्वतःच ओ द्यावी असं वाटलं.

तेवढ्यात मुलगी खाली वाकली आणि सहज म्हणाली, "राणी, ये."

पिल्लू शेपूट हलवत बाहेर आलं.

"अगं ताई, ते तात्पुरतं," भाऊ घाईघाईने मध्ये पडला. "नाव येईपर्यंत काहीतरी म्हणायचं म्हणून..."

"तू थांब," आत्या म्हणाल्या. आणि मुलीला म्हणाल्या, "राणी का म्हणालीस?"

मुलीने शब्द जुळवले. "नाव ठरलं नसेल, तर राणी म्हणायचं ना? तू मला तसंच म्हणतेस."

ती हे रागाने म्हणाली नाही. तक्रारही नव्हती. शिकवलेलं नीट लक्षात ठेवलं आहे ना, हे विचारावं तसं विचारलं. भाऊ खाली बघायला लागला. रामसूरतला मराठी पुरतं येत नव्हतं, पण तोही दारातून मागे सरकला. मला आत्यांकडे बघवेना. दहा वर्षं त्यांनी एवढी काळजी घेऊन जो राग लपवला होता, तो त्या पोरीने पहिल्यापासून ऐकला होता, आणि तिला तो मराठी भाषेचा नियम वाटला होता.

आत्या टोपलीजवळ जमिनीवर बसल्या. नारायणपेठीच्या निऱ्या चुरगळल्या तरी बसल्या. मग त्यांनी घसा साफ केला.

"राणी लिहा नगरपालिकेत. आजी 'रानी' म्हणाली तरी चालेल," त्या भावाला म्हणाल्या.

"पण सुरंगी छान होतं, ताई. तू एवढी मेहनत..."

"छान असेल. ओ आली नाही." मग म्हणाल्या, "आणि राणी मीच ठेवलेलं आहे. तेव्हा मान माझ्याकडेच आला, कोणी काही समजायचं कारण नाही."

"मंग आमी येवढ्या लांब वाळूत कशाला गेलो गो?" जानकीने विचारलं.

आत्या पडद्यावरच्या मुलीकडे बघत होत्या. "राणी तर आता कुत्री झाली," त्या म्हणाल्या. "मग तुला मी काय म्हणू?"

मुलगी पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "माझं नाव आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग ते."

आत्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं. आम्ही सगळ्यांनी घुगऱ्यांमध्ये लक्ष घातलं. "कान आण इकडे," त्या मुलीला म्हणाल्या. पडद्यावर काळेभोर केस आले, मग ते बाजूला झाले आणि एक लहान कान दिसला. आत्या इतक्या वाकल्या की त्यांचं कपाळ नारळाला टेकलं. जानकीने धपाट्यासाठी हात उचलला होता, तो तिने तसाच त्यांच्या पाठीवर ठेवला.

"हारुका," आत्या म्हणाल्या. तो आवाज मी त्या घरात पूर्वी कधी ऐकला नव्हता, इतका तो हळू होता. पण उच्चार स्वच्छ होता, वहिनीच्या तोंडी असतो तसा. म्हणजे इतकी वर्षं त्या कान देऊन ऐकत होत्या.

पलीकडून काहीच आलं नाही. आत्या घाबरल्या. "ऐकू आलं का गं?"

"आलं," हारुका म्हणाली. कान तिथेच होता. "परत म्हण."